पाणी सुटलंय

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला. "ताई, परवा पाणी सुटतंय. इराला आणायची असली तर उद्याच नीघ."

नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला, इंदापूर तालुक्यात माझं माहेर आहे. तिकडे 'पाणी सुटलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. उन्हाळी आवर्तन सुरू झालं, शेजपाळीनं, म्हणजे ओळीनं एकेका रानाचा, नंबर लागणार, कालव्याचं पाणी रानात आणणारी चारी साफ करून ठेवायची, फावड्यांचे दांडे ठोकून घ्यायचे, रात्रीची पाळी आली तर बॅटरी चार्ज करून ठेवायची. यंदा वाटप टेलकडून, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून, होतं. आमच्या पोटचारीला पहिल्याच दिवशी, आणि तेही सकाळी पाणी मिळणार होतं.

सकाळी सातला चौघं कोरड्या चारीत उभी होती. माझी इरा नऊ वर्षांची. तिनं आजवर पाणी नळातून नाहीतर बाटलीतूनच येताना पाहिलेलं. भावाची शर्वरी आणि ओंकार, अकरा आणि सहा वर्षांचे. आणि आमच्याकडे सालानं कामाला असलेल्या तात्यांचा सोन्या, वय बारा, हातात स्वतःच्या उंचीचं फावडं.

आधी बगळे आले. लांबवर त्यांची एक ओळ चारीच्या कडेनं उतरत होती, उडत होती, पुन्हा जरा अलीकडे उतरत होती. सोन्या म्हणाला, "आलं."

मग पाण्याचं तोंड दिसलं. पाणी धावत येईल अशी इराची कल्पना होती, पण ते सरपटत येत होतं. जेमतेम दोन बोटं उंच, आणि त्याच्या पुढ्यात पाचटाचे तुकडे, काड्या, तपकिरी फेस, चिंचेची वाळलेली पानं. त्या कचऱ्यावर चढून बसलेल्या मुंग्या, बिळातून बाहेर पडलेले रातकिडे, आणि त्यांच्यावर टपलेले बगळे. पाणी एका भेगेपाशी आलं की थांबायचं. भेग भरेपर्यंत तिथेच घुटमळायचं. मग आतून बुडबुड, बुडबुड असा आवाज करत हवा वर यायची आणि भेगेच्या तोंडाशी पाणी खदखदायचं.

"आई, जमीन उकळतीये!" इरा ओरडली.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. एकोणीस वर्षं पुण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतेय, तोंड आपसूक उघडतं. पण सोन्या माझ्या आधी बोलला. "आतला वारा भाईर येतोय. भेग भरली की गप होती बघ." इरा खाली बसली. तिनं खदखदणाऱ्या पाण्यावर तळवा धरला आणि हवेचे धक्के तळव्याला लागताहेत हे तिला कळलं. 'हवा जागा व्यापते' हे वाक्य तिनं त्याच वर्षी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळवले होते. त्या वाक्याची आणि या बुडबुड्यांची ओळख कुणी करून दिली नव्हती. ती तिची तिनंच करून घेतली, आणि हात चिखलात असतानाच मला म्हणाली, "ही तीच हवा आहे, जागा व्यापणारी."

सोन्यानं अंदाज सांगितला होता की पाणी चिंचेपाशी पोचायला पाऊण तास लागेल. त्याला चाळीस मिनिटं लागली. "आन् आता दुपारी परत सोडलं तर वीस मिनिटांत जाईल," तो म्हणाला. काळी माती उन्हाळ्यात आटते, तडकते; ओली झाली की फुगते आणि तडे मिटतात. म्हणून पहिलं पाणी जमीन पिते, आणि पुढचं पाणी वरून धावतं. सोन्याला विज्ञानात किती गुण पडतात हे मी विचारलं नाही.

मुलांना पाण्यात सोडण्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या होत्या आणि त्या मी इथे मुद्दाम लिहितेय. पहिली: कालव्याकडे कुणी फिरकायचं नाही. कालव्याच्या कडा घसरड्या असतात, पाण्याला वरून वाटत नाही एवढी ओढ असते, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून बाहेर येता येत नाही. खेळायचं ते घोट्याएवढ्या पाण्यात, आणि मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असताना. दुसरी गोष्ट भावाची: "एक थेंब वाया गेलेला चालणार नाही. खेळा, पण खेळून झालेलं पाणी कडवळात गेलं पाहिजे." त्यानं परसातल्या भाजीच्या वाफ्यांकडे जाणारा एक दांड, म्हणजे छोटा पाट, मुलांना देऊन टाकला. दांडाच्या शेवटी कडवळाचं पट्ट्याएवढं रान. त्यामुळे मुलांनी काहीही केलं, अडवलं, सांडलं, फोडलं, तरी पाणी शेवटी गुरांच्या चाऱ्यालाच जाणार होतं. ज्या गावात उन्हाळ्यात पाण्यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात, तिथे हे असंच असायला हवं.

धरण बांधायचं कुणी सुचवलं ते आठवत नाही. वाहतं पाणी आणि चार मुलं एका जागी असली की धरण होतंच.

पहिलं धरण ओंकारचं, वाळूचं. गोठ्याच्या बांधकामाची वाळू पडलेली होती, ती त्यानं पाट्या भरभरून आणली आणि दांडात वीतभर उंच ढीग घातला. पाणी अडलं. ओंकार टाळ्या वाजवतोय तोवर ढिगाची पलीकडची बाजू काळपट झाली. मग ओली. मग तिच्यातून पाझर सुरू झाला, आणि थोड्या वेळानं ढिगाचा पायथा सुटून वाळू पसरत गेली. पाणी वरून गेलंच नव्हतं, ते आतून गेलं.

दुसरं धरण सोन्याचं, निव्वळ काळ्या चिखलाचं. त्यातून टिपूस बाहेर येईना. सगळ्यांना वाटलं जिंकलो. पण पाणी चढत गेलं तसा चिखल भिजला, बसका झाला, आणि पाण्याच्या बाजूची कड घसरून पडली. चिखल पाणी अडवतो, पण त्याला स्वतःला उभं राहता येत नाही.

शर्वरी बराच वेळ बांधावर बसून बघत होती. ती उठली आणि मुरूम आणायला गेली. मधोमध काळ्या चिखलाची भिंत, पायांनी तुडवून घट्ट केलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना मुरमाचा उतार. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, "चिखल पाण्याला धरतो, आणि मुरूम चिखलाला धरतो."

महाराष्ट्रातली मातीची धरणं नेमकी अशीच बांधतात. पोटात काळ्या मातीचा गाभा, त्याला आपले इंजिनिअर 'हार्टिंग' म्हणतात, आणि वरून मुरमाचं 'केसिंग'. पैठणचं जायकवाडी याच जातीचं आहे, सुमारे दहा किलोमीटर लांब. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. संध्याकाळी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तिनं माझं ऐकून धरण बांधलं असतं.

ते तिसरं धरण पाझरलं नाही, बसकंही झालं नाही. पाणी त्याच्या माथ्यापर्यंत आलं. माथा सगळीकडे सारखा नव्हता, एका ठिकाणी बोटभर खाली होता. तिथून करंगळीएवढी धार पलीकडे उतरली. फार सुंदर दिसत होती, चौघं बघत राहिली. धारेनं पलीकडचा मुरूम कणाकणानं न्यायला सुरुवात केली. खाच खोल झाली, म्हणून पाणी जास्त आलं. पाणी जास्त आलं, म्हणून खाच आणखी खोल झाली. करंगळीची मनगटाएवढी व्हायला अर्धं मिनिट लागलं असेल. त्यानंतर कुणाला काही करताच आलं नाही. सोन्यानं फावड्यानं मातीचं ढेकूळ टाकलं, ते टाकल्याबरोबर वाहून गेलं. मघाशी संथ पाण्यात तळाला निवांत पडलेले सुपारीएवढे खडे गडगडत कडवळात गेले.

वाहत्या पाण्याचा एक जुना नियम आहे, एकोणिसाव्या शतकात मांडलेला: वेग दुप्पट झाला तर पाणी ढकलू शकतं त्या दगडाचं वजन ढोबळमानानं चौसष्ट पट होतं. वर्गात सांगितला तर मुलं 'चौसष्ट' वहीत लिहून घेतात. तिथे दांडात ते चौसष्ट दिसत होतं, आणि थोडं भयंकरही वाटत होतं.

माझी आई बांधावरच्या शेवग्याखाली शेंगा सोलत बसली होती. फुटलेलं धरण बघून ती सोलायची थांबली. आईचं लहानपण पुण्यात नारायण पेठेत गेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, इराएवढीच. आईनं चौघांना जवळ बोलावलं आणि सांगितलं. पानशेतही मातीचंच. काम पुरं व्हायच्या आतच पावसाळ्यात पाणी साठलं, भराव खचायला लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्या पोत्यांनी काही तास मिळवून दिले, आणि दिवसाउजेडी पाणी आलं म्हणून पुष्कळ माणसं वाचली. पानशेतच्या पाण्यानं खालचं खडकवासलाही गेलं. आई ज्या वाड्यात राहत होती त्याच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, आणि पाणी ओसरल्यावर तिची शाळेची पाटी तिसऱ्याच वाड्यातल्या चिखलात सापडली.

शर्वरीनं विचारलं, "आजी, सांडवा नव्हता?"

सांडवा म्हणजे धरणातलं जादा पाणी बाहेर पडायची वाट. हा शब्द तिला तात्यांकडून माहीत होता. आई म्हणाली, "सगळंच अर्धं होतं गं. माती खचली की सांडव्याचा काय उपयोग, पाणी माथ्यावरूनच जातं." मग थोडं थांबून म्हणाली, "माती जायला वेळ लागत नाही. तू आत्ता पाहिलंसच की."

चौथं धरण त्यांनी न बोलता बांधलं. माथा फळी ठेवून सारखा केला. आणि एका कडेला, माथ्याच्या दोन बोटं खाली, सोन्यानं जुनं मंगलोरी कौल बसवलं. पाणी चढलं, कौलापाशी आलं, आणि कौलावरून पलीकडे घसरलं. मातीला ते शिवलंही नाही. दुपारी तात्यांनी दांड मोडेपर्यंत ते धरण उभं होतं.

अशा खेळात भांडण होतंच. भांडण फावड्यावरून. दारं धरायचं, म्हणजे एका वाफ्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडायचं, हे मानाचं काम, आणि ते प्रत्येकाला हवं होतं. आईनं सुचवलं की घटका लावा. तिच्या लग्नात घंगाळात घटिकापात्र सोडलं होतं; तळाला बारीक भोक असलेली वाटी चोवीस मिनिटांत भरून बुडते, ती एक घटका, आणि अशा साठ घटकांचा एक दिवस. मुलांनी एका बुटक्या पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोक पाडलं आणि बादलीत सोडला. तो पन्नास सेकंदांत बुडाला. पन्नास सेकंदांत एक वाफाही भिजत नाही. मग दुसरा डबा, त्याचंही भोक मोठंच. मग शर्वरीनं शिवणाची जाड सुई हातोडीनं ठोकून भोक पाडलं, आणि डबा साडेसहा मिनिटं तरंगला. ती त्यांची घटका. पाळी ठरली, भांडण मिटलं.

इरानं त्यात एक गोष्ट टिपली, जी मला कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती. तिनं डब्याच्या आतल्या बाजूला कोळशानं समान अंतरावर रेघा ओढल्या, आणि आकडे मोजत पाणी कोणत्या रेघेला कधी पोचतं ते पाहिलं. पाणी सगळ्या रेघा साधारण सारख्या वेळात चढत होतं. मग तिनं तोच डबा भरून हातात धरला आणि गळू दिला. आधी धार जोरात, मग मंद, शेवटी थेंब. "भरताना सारखं भरतं, आणि रिकामं होताना दमतं. असं का?" मला चटकन सांगता येईना. रात्री वहीवर आकृती काढली तेव्हा उलगडलं. तरंगणाऱ्या डब्याचं वजन बदलत नाही, म्हणून बाहेरच्या आणि आतल्या पाण्याच्या पातळीतला फरकही डबा बुडेपर्यंत तेवढाच राहतो. पाणी आत ढकलणारा जोर तोच, म्हणून वेगही तोच. गळणाऱ्या डब्यात मात्र वरचं पाणी कमी होत जातं तसा जोरही कमी होतो. वेळ मोजायला गळकं भांडं न घेता बुडती वाटी घेणाऱ्या आपल्या जुन्या लोकांनी हे केवळ पाहून पाहून ओळखलं असणार. त्या रात्री मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी चारीच्या उताराचा प्रश्न निघाला. चिंचेकडे जाताना चारी चढावर जाते असं बघणाऱ्याला वाटतं. ओंकार म्हणाला, पाणी वर चढतंय. इरालाही तसंच दिसलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. गोठ्याचं जोतं घालायला आलेले गवंडीमामा हसले आणि त्यांनी आपली पाणसळ दिली. पाणसळ म्हणजे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. दोन टोकं दोन माणसांनी उभी धरली की दोन्हींकडचं पाणी एकाच पातळीला येतं, मधे खड्डा असो की भिंत. शर्वरी इकडे, सोन्या चिंचेपाशी. दोघांनी आपापल्या टोकाच्या पाण्याची जमिनीपासूनची उंची मोजली. चिंचेकडची जमीन तीन बोटं खाली निघाली. ओंकारला ते पटेना. त्यानं नळीची टोकं बदलायला लावली. उत्तर तेच.

मधे एकदा उत्तर विचित्र आलं, तेव्हा गवंडीमामांनी नळी उन्हात धरून बघायला सांगितली. आत बोराएवढा बुडबुडा अडकला होता. "बुडबुडा असला की पाणसळ खोटं बोलती," ते म्हणाले. पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, त्या मार्गावर ठिकठिकाणी उंच उच्छ्वास बांधले होते. अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट म्हणून. पुण्यात राहून ते उच्छ्वास मी अनेकदा वाचले होते. बोराएवढ्या बुडबुड्यानं ते समजावून दिले. दुष्काळी गावांत श्रमदानानं समतल चर खणणाऱ्या लोकांनी गेल्या काही वर्षांत हीच नळी दोन पट्ट्यांना बांधून हायड्रोमार्कर म्हणून वापरली. आणि हा अख्खा कालवा, भोरच्या डोंगरातलं भाटघर धरणाचं पाणी आमच्या रानापर्यंत आणणारा, वाटेत एकही मोटर नसलेला, तोही कुणीतरी असाच पातळी धरत धरत आखला असणार. इरा त्या संध्याकाळी कालव्याच्या दिशेनं लांबूनच बराच वेळ बघत बसली होती.

आता डब्याची गोष्ट. ती माझी स्वतःची आहे.

द्रवाचा दाब शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर एक आकृती काढते. उंच डबा, त्याला एकाखाली एक तीन भोकं, आणि तिन्हींतून निघणाऱ्या तीन चिळकांड्या. वरची जवळ पडते, मधली त्याच्या पुढे, खालची सगळ्यांत लांब. खोली वाढली की दाब वाढतो. मुलं आकृती उतरवून घेतात, नावं देतात, गुण मिळवतात. एकोणीस वर्षं.

तिसऱ्या दिवशी पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा डबा घेऊन मी स्वतःच मुलांना म्हटलं, चला, एक गंमत दाखवते. डब्याला एकाखाली एक तीन भोकं पाडली. वरचं पाण्याच्या पातळीपासून चार बोटं खाली, मधलं बरोब्बर मध्यावर, खालचं तळापासून चार बोटं वर. डबा अंगणातल्या फरशीवर ठेवला. सोन्या बादलीनं पाणी ओतत पातळी धरून होता. मी विचारलं, कुठली सगळ्यांत लांब जाईल? आणि त्यांनी बोलायच्या आत मीच म्हणाले, खालची.

बोटं काढली. मधली सगळ्यांत लांब गेली.

वरची आणि खालची दोन्ही तिच्या दोन बोटं अलीकडे पडत होत्या, आणि जवळजवळ एकाच जागी. मला वाटलं भोक वाकडं पडलं. खिळा घालून सारखं केलं. पुन्हा तेच. मग वाटलं खालच्या भोकात कचरा असेल. फुंकून पाहिलं. पुन्हा तेच. फरशीवर ओल्या रेघेत दोन डाग, तिसरा थोडा पुढे. मी उकिडवी बसून त्या डागांकडे बघत राहिले. मुलं माझ्याकडे बघत होती.

सोन्या म्हणाला, "आत्या, खालच्या धारंला जोर लई हाय, पर ती लगीच जमिनीला टेकती. तिला उडाया जागाच न्हाई."

हेच. वरच्या धारेला पडायला वेळ भरपूर, पण जोर कमी. खालचीला जोर भरपूर, पण वेळ नाही. मधलीला दोन्ही बेताचं, म्हणून ती जिंकते. टॉरिचेल्लीचं सूत्र मला पाठ होतं, सतराव्या शतकातलं, वर्षानुवर्षं शिकवलेलं. त्यात भोकाच्या वरच्या पाण्याची उंची आणि भोकाची जमिनीपासूनची उंची यांचा गुणाकार येतो, आणि दोन्ही सारखी असली की तो सर्वांत मोठा होतो. सूत्र माझ्याकडे होतं, गणित माझ्याकडे होतं, आणि मी कधीही डब्याला भोक पाडलं नव्हतं.

मग शर्वरी म्हणाली, "मग डबा उंचावर ठेवला तर?" हौदाच्या भिंतीवर ठेवला, कमरेच्या वर. आता खालची धार सगळ्यांत लांब गेली, पार जास्वंदीपर्यंत. म्हणजे फळ्यावरची माझी आकृती खरी होऊ शकते, डबा उंचावर असेल तर. जमिनीवर ठेवलेल्या डब्याची ती आकृती चूक आहे, आणि मी ती जमिनीवरच ठेवून काढत आले. किती मुलांनी ती माझ्याकडून घेतली असेल याचा हिशोब मी त्या रात्री केला. साडेतीन हजारांच्या वर गेला.

त्यातल्या एकानं जरी घरी जाऊन डबा भरला असता तर दुसऱ्या दिवशी मला सांगितलं असतं. कुणी सांगितलं नाही, याचा अर्थ कुणी भरला नाही. हे मला आकृती चुकण्यापेक्षा जास्त लागलं. एवढी मुलं माझ्यावर विश्वास ठेवून बसली, आणि त्यांना पाण्यापाशी जाऊन विचारायचं सुचलं नाही, कारण मीही कधी गेले नव्हते. पाण्याला विचारलं की ते लगेच उत्तर देतं. कुणाच्या वयाकडे, मार्कांकडे, पदवीकडे बघत नाही. ओंकारची वाळू त्यानं फोडली तशीच माझी आकृतीही.

मुलांच्या हाताला काम देऊन विज्ञान शिकवायचे प्रयत्न आपल्या देशात पूर्वीपासून झालेत. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत असा कार्यक्रम सुरू झाला, जिल्हाभर पसरला, आणि २००२ मध्ये बंद करण्यात आला. तिथूनच प्रेरणा घेतलेल्या अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंतून पंप, कारंजी, भिंगऱ्या कितीतरी मुलांकडून करून घेतल्या. वाट माहीत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. तरी आमच्या सोसायटीत मुलं बागेच्या नळापाशी घुटमळली की वरून हाक येते: कपडे खराब होतील, सर्दी होईल, पाणी वाया जाईल. पाण्याच्या काळजीचं मला पटतं, मी टेलच्या गावची आहे. पण एक बादली पाणी, तीन भोकांचा डबा आणि खाली कुंड्यांची रांग ठेवली तर थेंबही वाया जात नाही. कपडे वाळतात.

इरानं येताना दोन बाटल्या आणल्या होत्या, चारीच्या गढूळ पाण्याच्या. एकीत तिनं काही घातलं नाही. वाळू मिनिटाभरात तळाला बसली, तिच्यावर पिठासारखा गाळ रात्रीपर्यंत. वरचं पाणी मात्र चौथ्या दिवशीही चहासारखं होतं. दुसऱ्या बाटलीत तिनं आजीनं दिलेला तुरटीचा खडा दोनदा फिरवला. अर्ध्या तासात आत ढगासारखे पुंजके दिसायला लागले आणि सकाळी पाणी नितळ. तुरटी एकमेकांना ढकलणाऱ्या मातीच्या कणांना जवळ येऊ देते, मग ते जड होऊन बसतात. बाटल्या अजून खिडकीत आहेत. एकीचं झाकण तिनं कुणालाही उघडू दिलेलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात द्रवाचा दाब आला. मी खडू उचलला नाही. तेलाचा डबा इंदापूरहून एसटीनं आणला होता. मैदानाच्या कोपऱ्यात कडुनिंबाच्या आळ्याजवळ फरशीचा तुकडा आहे, त्यावर तो ठेवला. पावसाचं साठवलेलं पाणी दोन बादल्या. बेचाळीस मुलं गोल करून उभी. मी विचारलं, कुठली लांब जाईल? छत्तीस हात खालच्या धारेसाठी वर गेले, चार वरच्यासाठी. दोन मुली काहीच बोलल्या नाहीत, वाकून भोकांची उंची वितीनं मोजत होत्या.

मी डबा काठोकाठ भरला. तीन मुलांनी तीन भोकांवर बोटं दाबून धरली होती. सगळे गप्प झाले.

"सोडा," मी म्हटलं.